हरलेल्या डब्यांची बखर

'१५ जुलै १९८३ रोजी काय घडले?' असा प्रश्न मी माझ्या मास्तरकीच्या काळात पेपरात घातला असता, तर निम्म्या वर्गाने 'कपिल देवने विश्वचषक जिंकला' असं बेधडक लिहिलं असतं आणि मीही तीन आठवड्यांचा फरक पोटात घालून अर्धा मार्क देऊन टाकला असता. (विश्वचषक २५ जूनचा.) खरं उत्तर असं की, त्या दिवशी जपानात टीव्हीला जोडून खेळायचे दोन डबे एकदमच बाजारात आले. एक निंटेंडो कंपनीचा 'फॅमिकॉम', किंमत १४,८०० येन. दुसरा सेगा कंपनीचा 'एसजी-१०००', किंमत १५,००० येन. एकाच मांडवात दोन मुंजी लागाव्यात तसा प्रकार. भिक्षावळीत फरक पडला तो फक्त दोनशे येनांचा. पुढे पहिल्याचे जगभर सहा कोटींवर नग खपले. दुसऱ्याचं नाव तुम्ही आत्ता पहिल्यांदा ऐकलंत.

बरं, पहिला डबा धुतल्या तांदळासारखा होता म्हणावं, तर तसंही नाही. सुरुवातीच्या मालात एक चिप खराब निघाली, खेळता खेळता चित्र थिजायचं, आणि कंपनीला विकलेले डबे परत मागवून आतली पाटी बदलून द्यावी लागली. तरी जिंकला तोच! निंटेंडो ही मुळात १८८९ सालापासून क्योटो शहरात पत्ते बनवणारी कंपनी. चौऱ्याण्णव वर्षं ज्यांनी पत्ते पिसले, त्यांना डाव कसा लावायचा हे आपण काय सांगावं?

आता हे सगळं मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. विचाराच, कारण इतिहासाच्या मास्तरला निवृत्तीनंतर कोणी काही विचारत नाही. गणिताच्या मास्तरकडे शिकवणीला रांग लागते. इंग्रजीच्या मास्तरकडून लोक अर्ज लिहून नेतात. चित्रकलेच्या मास्तरला निदान गणपतीच्या मखराबद्दल तरी विचारतात. इतिहासाचा मास्तर म्हणजे गेल्या वर्षीचं कॅलेंडर. खिळ्याला टांगलेलं असतं, पण तारीख बघायला कोणी जात नाही. म्हणून २०२१ च्या दसऱ्यानंतर शहाद्याहून नातवाचा फोन आला आणि "आबा, तुमचा एक सल्ला पाहिजे," असं तो म्हणाला, तेव्हा मी आधी चष्मा चढवला. फोनवर बोलायला चष्मा लागत नाही, हे मलाही कळतं. पण सल्ला द्यायला लागतो.

"आबा, एक्सबॉक्स घेऊ की नको?"

हे प्रकरण समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. नातू तेव्हा अकरा वर्षांचा. त्याचा एक जिवलग मित्र होता. शाळेत एका बाकावर, संध्याकाळी एका सायकलवर. कोरोनाच्या वर्षात मित्राच्या वडिलांनी बिऱ्हाड सुरतेला हलवलं. शाळा बंद, घरं बंद. त्यामुळे निरोप म्हणून जो काही असतो तो झालाच नाही. एका सकाळी समोरच्या दाराला कुलूप दिसलं, एवढंच. तेव्हापासून आमचा नातू बोलायचा कमी झाला. जेवायला बसला की वरणभाताची टेकडी करून तिच्यात बोटाने रस्ते काढत बसायचा. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, ह्याला काही दुखत असतं तर बरं झालं असतं हो, औषध तरी देता आलं असतं."

आधी ही पोरं मोबाइलवर पबजी खेळत भेटायची. ते सरकारने २ सप्टेंबर २०२० ला बंद करून टाकलं. मग मित्राला सुरतेत प्लेस्टेशन ४ मिळालं. इकडे आमच्या जावईबापूंच्या पपईला त्या वर्षी बरा भाव मिळाला होता आणि त्यांनी पोरासाठी हात सैल सोडायचं कबूल केलं होतं. पण घ्यायचं काय? प्लेस्टेशन ४ शहाद्यात नव्हतं, आणि नाशिकच्या दुकानदाराचं 'आलं की कळवतो' हे वाक्य चार महिने जुनं झालं होतं. प्लेस्टेशन ५ त्या वर्षीच्या २ फेब्रुवारीला भारतात आलं ते ४९,९९० रुपयांना. आणि आलं म्हणजे काय, विक्री उघडली की मिनिटांत संपायचं. राहता राहिला मायक्रोसॉफ्टचा 'एक्सबॉक्स सीरीज एस'. तो आदल्या नोव्हेंबरात ३४,९९० रुपयांना आलेला आणि मिळतही होता. पण वर्गातल्या एकाही मुलाकडे तो नव्हता. जावईबापूंना नेमकं हेच खटकत होतं. शेतकरी माणूस. त्यांचा सिद्धांत असा की, ज्याचा मेकॅनिक तालुक्यात आहे तोच ट्रॅक्टर घ्यायचा. मग दुसरा कितीही देखणा असो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेतानासुद्धा त्यांची हीच रीत. लोक दात बघतात, भोवरे बघतात. हे आधी 'नाल मारणारा कुठे बसतो' ते विचारतात.

नातवाला वाटलं, आबांनी आयुष्यभर जिंकल्या-हरल्याचाच धंदा केला, त्यांना कळेल. मी म्हटलं, आठ दिवस दे. वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि हरलेल्या डब्यांच्या मागे लागलो. मराठी माणसाला पानिपतापासून ह्या विषयाची आवड आहेच.

खरं तर ह्या विषयाचा पहिला धडा आमच्या घरात १९९५ सालीच झाला होता. तेव्हा नंदुरबार हा जिल्हा व्हायचा होता. तो झाला १ जुलै १९९८ ला. आम्ही तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडायचो, पण मिरची आमची आणि बाजार सुरतेचा. गल्लीत 'टर्मिनेटर' नावाचे तीन डबे आले होते, तिन्ही सुरत-भुसावळ पॅसेंजरने, कापडाच्या गाठोड्यातून. हा टर्मिनेटर म्हणजे त्या जपानी फॅमिकॉमची हुबेहूब नक्कल. कंपनीच्या परवानगीचा डबासुद्धा भारतात 'समुराई' नावाने आला होता, इथेच जुळणी करून. पण तो महाग, आणि मोठ्या शहरांबाहेर सहसा न दिसणारा. त्यामुळे आमच्याकडे अस्सल राहिला मुंबईत आणि राज्य केलं तोतयाने. (तोतयाचं बंड पेशवाईतही झालं होतं. फरक इतकाच की तो तोतया पकडला गेला.)

त्या डब्याला वरून कॅसेट खोचायची. चित्र दिसलं नाही की कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. कॅसेटवर '९९९९ खेळ' असं छापलेलं असायचं. मी एका रविवारी मोजायला बसलो, तर खरे खेळ निघाले अकरा. बाकी सगळे तेच; नाव बदललेलं आणि सुरुवात पहिल्याऐवजी तिसऱ्या टप्प्यापासून. मला राग आला नाही. आमच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती अशीच निघायची.

त्याच सुमारास मुंबईच्या मेव्हण्याचं कार्ड आलं. सेगा कंपनीचा 'मेगा ड्राइव्ह' नावाचा अस्सल डबा भारतात विकायचं काम १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीने घेतलं होतं. बाहेरून थेट आणलं तर ८० टक्के जकात. ती टाळायला सेगाने हा घरोबा केला. डब्याची किंमत १८,००० रुपये. आता शॉ वॉलेस ही कलकत्त्याची १८८६ सालची जुनी पेढी. पण आमच्या शिक्षकखोलीतल्या ज्या दोघा-तिघांना ती ठाऊक होती, ती 'डायरेक्टर्स स्पेशल'च्या बाटलीवर वाचून. आणि मेव्हण्याने पाकीट न घालता उघड्या कार्डावर लिहिलं होतं: 'दाजी, शॉ वॉलेसचा माल आहे, खात्रीचा. मुलांसाठी घेऊन टाका. मी पाठवतो.' त्या दिवसापासून पोस्टमन मला सायकलवरून उतरून नमस्कार करायला लागला.

चित्राच्या दृष्टीने बघाल तर मेगा ड्राइव्ह हा टर्मिनेटरचा आजा शोभेल. हा सोळा बिटांचा, तो आठ. रंग जास्त, आवाज खणखणीत, निळा साळिंदर असा पळायचा की बघणाऱ्याला धाप लागावी. आमचे चिरंजीव त्यासाठी तीन दिवस सकाळी न सांगता आंघोळ करत होते. पण अठरा हजार म्हणजे माझा तेव्हाचा जवळजवळ चार महिन्यांचा पगार. शिवाय जपानात हा डबा १९८८ च्या २९ ऑक्टोबरलाच आलेला. त्याच्या पुढची पिढीसुद्धा तिकडे १९९४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात दुकानात लागली होती. म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून आमच्या दारात येतो आहे तोवर तिकडे त्याच्या धाकट्या भावाची वरात निघालेली.

निकाल मात्र पगाराने लागला नाही की बिटांनीही नाही. निकाल दिला आमच्या सौभाग्यवतीने, आणि तो मी आजवर ऐकलेल्या सर्व निकालांत वरचा आहे. तिने विचारलं, "ह्याची कॅसेट समोरच्यांच्या डब्यात बसते का?" नाही बसत. "समोरच्यांची ह्याच्यात?" नाही. "मग गल्लीतली पोरं आपल्याकडे काय घेऊन येतील?" ह्याला उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "आपल्या पोरांनी एकट्यानेच खेळायचं असेल तर अठरा हजार कशाला? भिंत आहे की, फुकट."

चौथा टर्मिनेटर आमच्याकडे आला. पुढची दोन वर्षं गल्लीतल्या बारा-तेरा कॅसेटी चार घरांतून अशा फिरल्या की वाण-सामानसुद्धा कधी तितकं फिरलं नाही. कोणती कॅसेट कोणाकडे, कधी परत, कोणी कोपरा चावला, ह्याची वही आमची मुलगी ठेवायची. हीच आज नातवाची आई.

मी २०२१ साली वही उघडून बसलो तेव्हा पानोपानी सौभाग्यवतीचाच निकाल लागू होताना दिसायला लागला. सेगाचंच बघा. ११ मे १९९५ ला अमेरिकेत त्यांनी 'सॅटर्न' हा नवा डबा ठरल्या तारखेच्या चार महिने आधीच बाजारात आणून सगळ्यांना चकित केलं. किंमत ३९९ डॉलर. चकित फार लोक झाले. त्यात खेळ बनवणारे होते, ज्यांचे खेळ तयार नव्हते, आणि दुकानदार होते, ज्यांच्याकडे डबेच पोचले नव्हते. त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस भाषणाला उभा राहिला, '२९९' एवढा एकच आकडा बोलला आणि खाली बसला. टाळ्यांचा कडकडाट! मी अनेक स्नेहसंमेलनांत अध्यक्ष ऐकले आहेत. एवढं परिणामकारक भाषण एकालाही जमलेलं नाही.

पण ज्याच्यावर माझा जीव जडला तो डबा म्हणजे सेगाचा 'ड्रीमकास्ट'. जपानात २७ नोव्हेंबर १९९८ ला आला. दिसायला पांढरा, स्वच्छ, अगदी देवघरात ठेवावा असा. आणि त्याच्या पोटात टेलिफोनची तार जोडायची सोय होती. म्हणजे दूर गावी बसलेल्या दोस्ताशी घरबसल्या खेळायची कल्पना, जी आमच्या नातवाला तेवीस वर्षांनी हवी होती, ती सोय जन्मतःच घेऊन आलेला हा पहिला मोठा डबा. बिघडत नव्हता, महाग नव्हता, खेळही चांगले होते. मग मेला कशाने? तर लोक थांबले म्हणून. सोनीचा प्लेस्टेशन २ येणार, त्यात डीव्हीडीवर सिनेमाही लागणार, अशी हवा झाली. खेळ बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने ड्रीमकास्टसाठी काही बनवायचंच नाही असं ठरवलं. खेळ कमी म्हणून गिऱ्हाईक कमी, गिऱ्हाईक कमी म्हणून खेळ आणखी कमी. ३१ जानेवारी २००१ ला सेगाने जाहीर केलं की, मार्चअखेर आपण डबे बनवणं बंद करतो. एकूण खपले ९१ लाख. प्लेस्टेशन २ खपला पंधरा कोटींहून जास्त. ड्रीमकास्ट वाईट होता म्हणून हरला नाही. तो रिकाम्या गल्लीत राहायला गेला होता.

मात्र आता इतिहासाचा मास्तर म्हणून एक आक्षेप नोंदवतो. गल्ली कोणाची, हेही बघावं लागतं. सेगाचा 'मास्टर सिस्टिम' हा डबा अमेरिकेत निंटेंडोने पार झोपवला. पण ब्राझीलमध्ये टेकटॉय नावाच्या स्थानिक कंपनीने १९८९ पासून तो तिथेच बनवून विकायला घेतला आणि तिथे तो घरोघरी गेला, दशकानुदशकं विकला गेला. परक्या खेळातला नायक काढून त्यांनी तिथल्या कॉमिकमधली मोनिका नावाची पोर आत घातली. आपल्याकडे 'चिंटू'ला घालावं तसं. म्हणजे अमेरिकेतला पराभूत हा ब्राझीलचा बाजीराव! तेव्हा 'कमी चालणारा डबा' ह्या शब्दांना अर्थ नाही. कुठे कमी चालणारा, कोणाच्या गल्लीत, असं विचारलं पाहिजे.

आपल्याकडचं सांगायचं तर एक्सबॉक्सने एकदा चांगलं मैदान मारलं असतं. सप्टेंबर २००६ मध्ये 'एक्सबॉक्स ३६०' भारतात आला, जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग. सोनीचा प्लेस्टेशन ३ त्याच्या मागून २००७ साली आला आणि महाग होता. पण आमच्या भागात त्या वर्षांत भारनियमनाचा असा काही थाट होता की, कोणता डबा घ्यावा ह्यापेक्षा कोणता दिवा घ्यावा हा प्रश्न मोठा होता. ज्यांच्याकडे वीज होती ते जुन्या प्लेस्टेशन २ वरच खूश होते. त्याच्यावर २००९ साली 'देसी अड्डा' नावाचा खेळ आला, त्यात पतंग, कबड्डी आणि विटीदांडू. संक्रांतीला अख्खं नंदुरबार गच्चीवर असताना टीव्हीपुढे बसून पतंग उडवायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मला एकदा भेटायचं आहे.

असो. आठ दिवस झाले. मी नातवाला फोन लावला आणि सौभाग्यवतीचा १९९५ चा प्रश्न नव्या कपड्यांत विचारला.

"तुझा तो सुरतवाला खेळतो काय?"

"फोर्टनाइट."

म्हणजे काय ते त्याने समजावून सांगितलं. शंभर माणसं एका बेटावर उतरतात, हत्यारं शोधतात, एकमेकांचा काटा काढतात, शेवटी उरेल तो राजा. मी म्हटलं, ह्यात नवीन काय, हे तर मी नववीला शिकवत होतो. मग खेळाचा शोध घेतला. निघालं असं की, ह्या खेळासाठी सोनीने आपल्या वाड्याचं दार सप्टेंबर २०१८ मध्ये किलकिलं केलं होतं. प्लेस्टेशनवाला आणि एक्सबॉक्सवाला एकाच बेटावर उतरू शकतात, एकमेकांचा आवाजही ऐकू शकतात. खेळ फुकट. एक्सबॉक्सवर मात्र असं फुकटातलं खेळायलासुद्धा आधी वर्गणी लागायची. तीही २०२१ च्या एप्रिलात माफ झाली होती. कॅसेट समोरच्यांच्या डब्यात बसत नव्हती ती बसायला लागली होती, कारण आता कॅसेटच नव्हती.

हीच दुसरी बाजूही वहीत लिहिली. 'सीरीज एस'ला तबकडी घालायची फटच नाही. म्हणजे उसनवारी बंद, अर्ध्या किमतीत जुनी तबकडी घेणं बंद. जे घ्यायचं ते नेटवरून, कंपनी सांगेल त्या भावाने. ज्याची गल्ली तबकड्यांनी भरलेली आहे त्याने हा डबा घेऊ नये, असं मी स्पष्ट लिहिलं. आणि सोनीने दार उघडलं ते सगळ्या खेळांसाठी नव्हे. मित्राने उद्या दुसरा खेळ धरला तर पुन्हा चौकशी करावी लागेल, हेही लिहिलं. पण ह्या पोराची गल्ली तेव्हा एका माणसाची होती आणि ती सुरतेत होती. घ्या, असा कौल दिला. चार पानं झाली. नातवाने शेवटची ओळ वाचली.

वसुबारसेच्या दिवशी डबा शहाद्याला पोचला. मी आणि सौभाग्यवती बसने गेलो होतो. पांढरा, चपटा, अंगावर एक काळी गोल जाळी. कपडे धुवायच्या यंत्राचं बाळंत उतरल्यासारखा. शेजारच्या आजी बघायला आल्या, त्यांनी हात लावून बघितला आणि विचारलं, "हाऊ डबा कितलाले पडना?" आकडा ऐकून त्यांनी हात मागे घेतला. त्या दिवशी दुपारी खेळ उतरवून घेण्यात चार तास गेले. आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीला देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला दिला गेला, म्हणजे आमचं नाव आधुनिकतेच्या इतिहासात पक्कं आहे. पण नेटच्या वेगाने हा इतिहास वाचलेला दिसत नाही.

संध्याकाळी एकदाचं जुळलं. सुरतेहून पहिला आवाज आला तो कुकरच्या शिट्टीचा. मग थोडा वेळ दोन्हीकडे शांतता. दीड वर्षाने भेटणाऱ्या दोन अकरा वर्षांच्या पुरुषांनी आधी काय बोलावं, ह्याची पद्धत कुठे ठरलेली नाही.

"तू जाड झाला असशील," आमचा म्हणाला.

"तू ना," तिकडून आवाज आला.

मग दोघं बेटाच्या एका कोपऱ्यात, कुठल्याशा पडक्या घराच्या मागे उभे राहिले आणि शाळेतल्या नळाची तोटी, सायकल आता कोण चालवतं, सुरतेत वर्गात किती मुलं गुजराती बोलतात, ह्या विषयांवर अर्धा तास बोलले. मधून मधून कोणी तरी येऊन त्यांना गोळ्या घालायचं, की हे दुसरा डाव लावून पुन्हा त्याच कोपऱ्यात जायचे. शंभरातले सत्त्याण्णवावे, अठ्ठ्याण्णवावे असे त्यांचे नंबर लागत होते. माझी मुलगी दारात पदराला हात पुसत उभी होती, ती कितीतरी वेळ तशीच.

जावईबापू मागे खुर्चीत बसून डबा निरखत होते. त्यांचा मूळ मुद्दा अजून सुटला नव्हता.

"सगळं ठीक आहे," ते म्हणाले, "पण बिघडला तर मेकॅनिक कुठला?"

"सुरतेचा," पडद्यावरची नजर न काढता नातू म्हणाला.